सरकारला दाखवायची चूल

“एक चूल, एक घर. नियम तसा आहे,” अरविंद ग्रामसेवक म्हणाला आणि जळक्या खाटेच्या कडेवर टेकायला गेला. खाट मोडली आणि तो राखेत बसला. त्या दिवसांत तुकईथडच्या खालच्या आळीत बसायला धड असं काही उरलंच नव्हतं, म्हणून कुणी हसलं नाही. मी पदराआड हसून घेतलं, ते सोडा.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ सुपडूभाऊ, त्याला हात देऊन उठवत म्हणाले, “चूल येकच हाये रे भाऊ. मगर खानारी तोंडं पाह्य ना. येका खोलीत आमी सगळे निजू कसे?”

“तोंडांचं विचारलेलंच नाही, सुपडूभाऊ. वरून चुली विचारल्यात.”

“मंग दोन चुली दाखवू,” माझा नवरा चुडामण म्हणाला. असल्या कल्पना त्याला पटकन सुचायच्या. निस्तरायची वेळ आली की तो बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा.

वैशाखात कपाशीच्या पळाट्यांच्या ढिगाला कुठून तरी ठिणगी लागली आणि वाऱ्यानं एका दुपारीत अख्खी आळी चाटूनपुसून नेली. माणसं वाचली, गुरं वेळेवर सोडली गेली, पण घरं गेली. आम्ही गावाबाहेर तुराट्यांच्या झोपड्या उभारल्या. खाकनारला तेव्हा नवंनवं ब्लॉक, म्हणजे विकासकामांचं सरकारी ऑफिस, निघालं होतं. दिल्लीचं सरकार गावोगाव घरं बांधायला अनुदान देणार, जळलेल्यांना आधी देणार, असं अरविंद सांगत फिरायचा. लाकूड, कवेलू म्हणजे कौलं, आणि दाराची चौकट सरकारची. माती, विटा आणि हातपाय आपले. वरच्या माळावर ओळीनं घरं उठणार होती, एकेक खोली आणि पुढे ओटा. पैसा दिल्लीचा, हुकूम नागपूरचा आणि तपासणी खाकनारची.

तेवढ्यात राज्यंच बदलली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो आणि हुकूम भोपाळहून यायला लागले. आपण नेमके कुठल्या राज्यात आहोत, हे आम्हाला बाजाराच्या दिवशी कळलं. कागद मराठीचे हिंदी झाले, साहेब बदलले. आमची घरं तेवढी कागदावरच राहिली. सगळा पावसाळा तर आम्ही झोपडीतच काढला होता. जिजीच्या धाकट्या पोराच्या छातीत त्या ओलीनं जो खोकला शिरला, तो दिवाळी झाली तरी निघेना.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ, भागाबाई. मी शारदा. माहेर बुऱ्हाणपूरचं, राजघाटाच्या वरच्या अंगाला आमचं घर, वडील शाळेत मास्तर. मी चौथी पास, म्हणजे तुकईथडच्या मानानं बॅरिस्टरच. लग्न होऊन आले तेव्हा सासू नव्हती. सासूची जागा जिजीनं घेतलेली होती. ती या घरात आली तेव्हा चुडामणला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, आणि बुऱ्हाणपूरला येऊन मला पसंतही तिनंच केलं. सासूनं मरताना तिच्याजवळ एकच मागणं मागितलं होतं, घराची चूल एक ठेव. जिजीनं तो शब्द इतका घट्ट धरला होता, की मला चुलीपुढे बसायलाच मिळेना. पाणी भरायचं मी, भाजी चिरायची मी, पीठ मळायचं मी. मीठ घालायची ती, आणि तिखटही तीच. आणि तिखट तरी कसलं! पहिलं वर्षभर मी डोळ्यांतून पाणी काढत जेवले. आळीतल्या बायकांना वाटायचं, पोरीला माहेरची फार आठवण येते.

जिजीचं गावात नाव होतं ते चुलींसाठी. वारुळाची माती, घोड्याची लीद आणि गव्हाचा भुसा एकत्र तुडवून ती अशी चूल घालायची, की धूर कधी डोळ्यांत जात नसे. चूल ती लाकडी फळीवर घालायची, म्हणजे वाळली की फळीसकट उचलून नेता यायची. आता नवी चूल कुणाला लागते? बहुतेक वेळा वेगळ्या निघालेल्या भावाला. त्यामुळे कुणाच्या घरात बिनसलंय, हे पाटलाच्या आधी जिजीला कळायचं. एखादी सून तणतणत यायची, “मावशी, मले चूल घालून द्या.” जिजी तिला बसवून गूळपाणी द्यायची आणि म्हणायची, “माती मुरली नाई वं अजून. पुढच्या हप्त्यात ये.” पुढच्या हप्त्यातही माती मुरलेली नसे. खरं तर तिच्या परसात माती बारमाही भिजलेली असायची. ती त्या सुनेचा राग उतरायची वाट बघत असे. निम्म्याअधिक सुना पुन्हा येत नसत. ज्या पुन्हापुन्हा येत राहत, त्यांनाच चूल मिळे.

माघात एक दिवस अरविंद धापा टाकत आला. नवे साहेब परवा येणार होते आणि झोपडीझोपडीत जाऊन स्वतः चुली बघणार होते.

“वयनी, तीन दगडं मांड,” चुडामण जिजीला म्हणाला. “वरून थोडी काजळी फास. दोन दिसाची तर बाब हाये. सायेब गेला का देऊ फेकून.”

“तीन दगडं वाटसरू मांडते, नाईतं सुतकातले लोकं,” जिजी म्हणाली. “माह्या घरात नाई मांडाचे.”

“मंग वैल दाखव,” भासरे म्हणाले. वैल म्हणजे चुलीच्या बगलेचं दुसरं तोंड; पुढे भाकरी होते तेव्हा त्याच जाळावर मागे भाजी रटरटत असते.

अरविंदनं मान हलवली. “वैल नाही चालत, सुपडूभाऊ. मी विचारून आलोय. आग एक असली की चूल एकच धरतात.”

कोपऱ्यात तिचा धाकटा गोधडीत खोकत होता. खोकून खोकून त्याचं तोंड लाल झालं, मग तो दमून गप्प पडला. जिजी तिथे जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. एक खोली मिळाली तर यातला अर्धा संसार पुन्हा ओट्यावर आणि पुन्हा ओलीत निजणार, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. मग ती उठली आणि म्हणाली, “शारदे, माती आन.”

मी तेव्हा फार जिभेची होते. म्हटलं, “मुरली का, जिजी?”

“मुरली,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघताच म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा चुलीला हात लावू दिला. मी माती तुडवली, तिनं फळी मांडली. तिचे हात चालायला लागले की बघत राहावं असे चालायचे. बोटं बुडवून कड घासायची, मनगटानं तोंड गोल करायचं, वरच्या कडेला भांडं टेकायला तीन उंचवटे काढायचे. मधूनच थांबून ती लांबून बघे आणि पुन्हा एक बोट मारी. दोन दिवसांच्या कामाला कशाला एवढं, असं मी म्हणाले. ती कड घासत राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हानं आणि आतून गोवऱ्यांच्या धगीनं चूल वाळली, तेव्हा तिच्या हातची तेवढी देखणी चूल मी पाहिली नव्हती. मग तिनं हळदकुंकवाचा करंडा आणला, चुलीला बोटं ओढली आणि मला म्हणाली, “दूध आन. बैस तिच्यापुढं.”

चुडामण ओरडलाच. “वयनी! हे काय करते? ही सरकारले दाखवाची चूल हाये!”

“मले खोटी चूल घालता येत नाई रे बाप्पा,” जिजी म्हणाली. “हातच नाई चालत.”

मी दुधाचं पातेलं ठेवलं आणि जाळ सारला. दूध वर आलं, फुगलं आणि कडेवरून उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरलं. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या चुलीपुढे बसले होते, मग ती कुणाला का दाखवायची असेना. मी वर बघितलं तर जिजी माझ्याच तोंडाकडे बघत होती. तिला माझा आनंद दिसला. तिनं नुसती मान हलवली आणि दुसरीकडे गेली.

साहेब आले ते ग्वाल्हेरकडचे, तरणे आणि सरळ माणूस. जोडे बाहेर काढून वाकून झोपडीत आले. एका कोपऱ्यात जिजी भाकरी थापत होती, दुसऱ्या कोपऱ्यात मी. अरविंद छपराच्या तुराट्या मोजत असल्यासारखा वर बघत उभा होता. साहेबांनी दोन्ही चुली नीट बघितल्या आणि जिजीपुढे उकिडवे बसून विचारलं, “माताजी, देवरानी का खाना अलग पकता है?”

देवरानी म्हणजे धाकटी जाऊ, म्हणजे मी. जिजी खोटं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. भासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. चुडामण तर केव्हाच बैलांकडे पोचला होता.

“चुल्हा अलग हाय, सायेब,” जिजी म्हणाली. “मीनंच बनाया.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांना ते लगेच पटलं. थोरली जाऊच सांगते म्हटल्यावर आणखी काय विचारायचं? आमच्या नावावर दोन घरं लिहिली गेली. झोपडीतून सगळे हसत बाहेर पडले, बाहेर कुणीतरी साहेबांना केळी दिली. जिजी जागची हलली नाही. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिनं ती उलटली नाही. जिजीच्या हातची करपलेली भाकरी मी तेवढीच एक खाल्ली.

संध्याकाळी चुडामण पहार घेऊन आला. “चला, झालं काम. फोडून टाकू तिले.”

जिजी चुलीच्या आड उभी राहिली. “दूध उतू गेलं तिच्यावर. आता फोडता येत नाई. आन उपाशीबी ठिवता येत नाई.”

“मंग काय कराचं?”

“काय कराचं! शारदा टाकंन तिच्यावर दोन भाकरी.” मग ती माझ्याकडे वळली. “मगर आग माह्याकडून न्यायची. रोज सकाळी. तुह्या राखंत इस्तव असला तरी न्यायची. काडी नाई ओढाची. आग येक तं चूल येक. अरविंदच म्हने ना?”

गावातल्या सगळ्या सुनांना माती मुरली नाही म्हणून थांबवणारी ही बाई. तिच्या घरी त्या दिवशी तिला थांबवणारं कुणी नव्हतं. मी थांबवू शकले असते असं कुणी म्हणेल, पण मी विशीतली पोर होते आणि मला माझी चूल हवी होती. जिजीनंही त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात घरं उभी राहिली. चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. जिजीला विहिरीजवळचं पहिलं घर आलं आणि आम्हाला पार दुसऱ्या टोकाचं, चिंचेखालचं. माझी चूल भासऱ्यांनी आणि चुडामणनं फळीला दोन बाजूंनी धरून आणली, आत जळत्या निखाऱ्यांसकट. जिजी बाजूनं हात पसरून चालत होती, कुणी तान्हं मूल नेत असल्यासारखी. “हयू रे, हयू. धक्का नका देऊ.” चुडामण मुद्दाम ठेचकाळल्यासारखं करायचा आणि ती किंचाळायची. भासरे एवढे हसले की फळी खाली ठेवावी लागली. ओट्याओट्यावर लोक येऊन बघत होते. कुणीतरी म्हणालं, सरकारनं घर दिलं, पण मिरवणूक चुलीची निघाली. आमच्या घराचा तो सगळ्यांत चांगला दिवस होता असं मला आजही वाटतं.

माझ्या चुलीवर मी पहिल्यांदा माहेरची आमटी केली, गूळ-आमसुलाची. चुडामण निमूटपणे जेवला आणि म्हणाला, “मी जरा फिरून येतो.” तो फिरून आला की त्याच्या मिशांना ठेच्याचा वास यायचा. रोज संध्याकाळी त्याचं हे फिरणं. मी एकदा जिजीला म्हटलं, तुम्ही त्याला जेवू घालता आणि माझं अन्न वाया जातं. ती म्हणाली, “मी कुठं देते? तो आपल्या हातानं घेते.” श्रावणात कानबाई देवीच्या सणाला नैवेद्याचे रोट मात्र तिच्याच चुलीवर व्हायचे आणि आम्ही सगळी एका पंगतीला बसायचो. घरं दोन, असं तेव्हा आम्ही कुणीच म्हणत नव्हतो; वरचं घर आणि खालचं घर म्हणायचो.

पण कागदावर दोन झाली ती झालीच. सोसायटीत दोन नावं लागली. बियाणं दोघांना वेगळं येऊ लागलं. मग कुणीतरी विचारलं, चुली दोन तर शेत एक कसं? त्यात कुणाची लबाडी नव्हती. तशी रीतच आहे. शेताला बांध पडला, तरी विहीर एक राहिली, आणि केळीला पाणी द्यायच्या पाळीवरून एका वैशाखात दोघं भाऊ अख्ख्या शिवारासमोर भांडले. काय काय बोलले ते सांगत नाही. चुडामणनं शेवटी म्हटलं, “तू काय मले पोसलं? वयनीनं पोसलं मले.” भासरे खाली मान घालून घरी गेले. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि ते न बोलणं वर्षांमागून वर्षं चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खापर हातात घेऊन दारात उभी राहिले. जावं की नाही? चुडामणनं माझ्या हातातल्या खापराकडे पाहिलं आणि तो तोंड धुवायला गेला. मी निघाले. ओळीतल्या सगळ्या बायका ओट्यावर होत्या. त्यांनाही माझ्याइतकंच बघायचं होतं. जिजी चुलीपुढे बसलेली होती. निखारा चिमट्यात आधीच धरून ठेवला होता तिनं.

“आज उशीर केला,” ती म्हणाली.

त्यानंतर ते कधी चुकलं नाही. मी आले की भासरे तोंड भिंतीकडे फिरवायचे. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोकडे बघू नये असा आमच्याकडे रिवाजच, त्यामुळे ते रागानं फिरवतात की रिवाजानं, हे मला कधी कळलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते सोयीचंच होतं. चुडामणचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. तो जेवायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. मग एके सकाळी जिजीनं खापराबरोबर फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या ओटीत टाकलं. ठेचा होता. “मी नाई देल्ला,” ती म्हणाली. “तूच नेला.” मी तो ताटात वाढला. चुडामणनं बोटानं थोडा चाटून पाहिला आणि खाली मान घालून तीन भाकरी खाल्ल्या.

एकदाच उलटं झालं. एका श्रावणात जिजी तापानं फणफणली होती आणि तिच्या घराच्या कवेलूंतून नेमकी चुलीवरच धार लागली. तिची चूल विझली. मी जायच्या आधीच ती माझ्या दारात, अंगावर घोंगडी, हातात खापर. इतक्या वर्षांत ती माझ्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यापर्यंत कधी आली नव्हती. ओट्यावरूनच परत जायची. आत येऊन ती चुलीसमोर बसली. तिनं कडेवरून हात फिरवला, एका भेगेत नख घातलं.

“सारवत नाई का तू?”

“सारवते की.”

“हे सारवनं हाये? बाजूनं पोपडे निंगाले. मी मेल्यावर काय करशीन?”

मग तिला पातेल्यातली आमटी दिसली. तिनं बोट बुडवून चाखली. मी श्वास धरून उभी. लग्न झाल्यापासून माझ्या हातचं तिनं खाल्लेलं ते पहिलंच.

“मीठ कमी हाये,” ती म्हणाली. पण वाटी पुढे केली. दोनदा घेतली. निघताना मी तिच्या खापरात निखारे घातले तेव्हा म्हणाली, “माहीच हाये आग. मांगून नाई नेत मी.” मी म्हटलं, तुमचीच आहे. ती गेल्यावर मी चुलीपुढे बसून रडले. का ते मला सांगता यायचं नाही. बरं वाटून रडले एवढं खरं.

वर्षं गेली. गावाजवळून रेल्वे गेली, ओळीत विजेचे खांब आले. सरकारी कवेलू फुटून गेले, कुणी पत्रे घातले. तुकईथडच्या निम्म्या चुली काडीनं पेटायला लागल्या. माझी नाही. जिजीचे केस पांढरे झाले, हात थरथरायला लागले. निखारा खापरात पडायच्या ऐवजी जमिनीवर पडायचा आणि ती स्वतःच्याच हाताला शिव्या द्यायची. माती तुडवणं तिनं सोडलं होतं. कुणी आलीच तर म्हणायची, “माती मुरली नाई वं,” आणि आता ती सगळ्यांनाच तसं सांगायची.

पौषात ती गेली. आजार असा काही नाही. संध्याकाळी पडली ती उठली नाही. पहाटे निरोप आला. मी धावत गेले, तिच्या अंगावर हात ठेवला आणि मग बायकांनी मला तिच्या लुगड्यासाठी, हळदीकुंकवासाठी घरी पाठवलं. चुडामण आमच्या ओट्यावर उभा होता. जावंसं वाटत होतं, पाय उचलत नव्हते.

तेवढ्यात चिंचेखाली भासरे येऊन उभे राहिले. हातात मडकं. पाठ दाराकडे, तोंड झाडाकडे.

“शारदे,” ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी मला हाक मारली नव्हती. “तिची चूल रातीच इझली. कोनाच्या ध्यानात नाई राह्यलं. मडक्यात आग घरची पाहिजे.”

शेजारी कुणाकडेही विस्तव होता. काडी होतीच. तरी ते पहिलं घर सोडून, सगळी ओळ चालून, शेवटच्या घरापर्यंत आले होते.

चुडामण ओट्यावरून उतरला. “दादा, दे इकडं,” म्हणाला, आणि मडकं घेऊन आत आला. मी राख बाजूला केली. खाली निखारे लालभडक होते, आदल्या सकाळी तिच्याच थरथरत्या हातानं दिलेल्या आगीचे. मी ते चिमट्यानं एकेक करून मडक्यात घातले. थोडे ठेवावेत असं एकदा मनात आलं. मग सगळेच घातले. राख चाळून शेवटचा बारीक निखाराही घातला. मडकं तापलं तशी चुडामणला एकट्याला धरवेना. भासऱ्यांनी शेल्याचं टोक गुंडाळून दुसरी बाजू धरली. दोघं भाऊ ते तसं धरून ओळीतून वर गेले.

नदीवरून सगळे परत आले तेव्हा दिवस कलला होता. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, आमच्याकडे अन्न वेगळ्या निघालेल्या भाऊबंदाच्या चुलीवरून येतं, ही रीत सगळ्यांना माहीत. शेजारची धुरपदाबाई जिजीच्या घरातून निघून तरातरा माझ्या दारात आली.

“शारदे, अजून चूल नाई पेटवली? वरच्या घरी लेकरं उपाशी हायेत. तुही तं येगळी हाये ना? टाक दोन-चार भाकरी, पिठलं.”

मी चुलीपुढेच बसले होते. चूल गार झाली होती. मी ती दुपारी सारवली होती, पोपडे काढून, कडेनं नीट बोट फिरवून, आणि हळदकुंकू लावलं होतं.

“वेगळी नाही, काकू,” मी म्हटलं. “ही सरकारला दाखवायची होती.”

धुरपदाबाई चुलीकडे बघत दारात उभी राहिली. तिची स्वतःची चूल जिजीनंच घालून दिलेली. पाच वेळा परत पाठवून मग घातलेली. तिनं डोळ्यांना पदर लावला, तो कमरेला खोचला, आणि दोन्ही घरांच्या भाकरी टाकायला आपल्या घरी गेली.